चार हजारांच्या वर लॅपटॉप सुटतो: दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातली जुनी एस्टीम, मूळ ईसीयू (इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर) काढून आर्डुइनो मेगा या छोट्या बोर्डावर चालणारा स्पीडुइनो हा ईसीयू बसवलेला, ३६-१ चं ट्रिगर व्हील (३६ पैकी एक दात नसलेलं, त्यावरून ईसीयूला क्रँकची जागा कळते), वेस्टेड स्पार्कच्या कॉइल (एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते). घरासमोर चावी ऑन करून लॅपटॉप तासभर जोडलेला राहतो, आयडलिंगलाही राहतो. रस्त्यावर लोड घेऊन ३५००-४००० आरपीएमच्या वर गेलं की ट्यूनरस्टुडिओ, म्हणजे ईसीयूशी बोलणारं आणि लॉग घेणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, ऑफलाइन होतो, दोन-तीन सेकंदांनी आपोआप जोडला जातो आणि त्याच सुमाराला गाडी एक झटका देते. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून झाला, केबलही बदलून झाली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, म्हणून तो गाडीतल्या इन्व्हर्टरवर चालतो.

ड्रायव्हरचा नाद आधी सोडा. घरासमोर तासभर नीट चालणारा ड्रायव्हर चढ लागला म्हणून बिघडत नाही. ड्रायव्हरचा दोष असेल तर पोर्ट दिसतच नाही, किंवा दिसतो आणि उघडत नाही. आरपीएम आणि लोड बघून सुटणारं कनेक्शन म्हणजे गाडीच्या बाजूने काहीतरी यूएसबीत शिरतंय, किंवा ईसीयूलाच धक्का बसतोय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत. म्हणून पाना-पकड हातात घेण्याआधी एकच ठरवायचं: ईसीयू रीस्टार्ट झाला, की ईसीयू ठणठणीत होता आणि फक्त बोलणं तुटलं?

हे लॉगच सांगतो. मेगालॉगव्ह्यूअर या प्रोग्राममध्ये लॉगची (ट्यूनरस्टुडिओने टिपलेल्या आकड्यांची) फाइल उघडा आणि सेकएल (SecL) नावाचा कॉलम शोधा. ईसीयू चालू झाल्यापासून किती सेकंद झाले, ते ईसीयू स्वतः मोजतो, तो हा आकडा. शेजारचा वेळेचा कॉलम लॅपटॉपचा असतो. दोन घड्याळं, दोन वेगळ्या ठिकाणची. जिथे कनेक्शन तुटलं तिथली ओळ बघा. समजा वेळ ६१.८४, सेकएल १४२, आरपीएम ३९१०, आणि लगेच खालच्या ओळीत वेळ ६४.९१, सेकएल १४५, आरपीएम ३३४०. लॅपटॉपच्या हिशेबाने तीन सेकंद गेले, ईसीयूच्या हिशेबानेही तीनच गेले. म्हणजे ईसीयू जागा होता, इंजिन चालवत होता, फक्त तुमच्याशी बोलत नव्हता. पण खालच्या ओळीत सेकएल ० किंवा १ दिसला तर ईसीयू मध्येच मेला आणि पुन्हा उठला. अशा वेळी पाठोपाठ मिक्श्चरही रिच झालेलं दिसतं, कारण उठलेल्या ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच स्टार्ट झाली, आणि तो स्टार्टनंतरचं जादा पेट्रोल देऊ लागतो.

इथे एक खाचखळगा आहे. स्पीडुइनोत सेकएल एका बाइटचा आहे, तो २५५ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. २५४, २५५, ०, १ अशी ओळ दिसली तर घाबरू नका, ती मोजणी फिरली एवढंच. १४२ वरून थेट शून्य आलं तर मात्र तो रीसेट.

दुसरा साक्षीदार तुमचे कान. लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवा. यूएसबीचं उपकरण सुटलं की विंडोज उतरता सूर वाजवतं, जोडलं की चढता. रस्त्यावर कनेक्शन तुटताना तो उतरता सूर वाजला, तर विंडोजच्या लेखी आर्डुइनोची केबल ओढून काढल्यासारखं झालं. सूर वाजलाच नाही आणि ट्यूनरस्टुडिओ तेवढा ऑफलाइन झाला, तर यूएसबी शाबूत आहे, आतल्या सिरियल बोलण्यात गडबड आहे. शेजारी बसलेल्या माणसाला एवढंच काम द्या: सूर ऐकायचा आणि की दाबून लॉगमध्ये खूण करायची. गाडी चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता दोन्ही साक्षी जुळवा. सूर वाजला आणि सेकएल चालू राहिला, तर दोष यूएसबीच्या वाटेवर: केबल, लॅपटॉपचा पोर्ट, इन्व्हर्टर, इग्निशनचा नॉइज. सूर वाजला आणि सेकएलही शून्य झाला, तर बहुधा संपूर्ण बोर्डाची ५ व्होल्टची लाइन बसली. मग सप्लाय आणि अर्थ बघायचे. सूर नाही, सेकएल शून्य, म्हणजे यूएसबीची चिप जागी राहिली आणि मुख्य प्रोसेसर एकटाच रीसेट झाला. आणि सूर नाही, सेकएलही चालू, तर डेटा मध्येच खराब होतोय किंवा लॅपटॉपच कशात तरी अडकलाय.

पण थांबा. मेगावर सेकएलची साक्ष फितूर असू शकते. आर्डुइनो मेगाच्या बोर्डावर यूएसबी चिपची डीटीआर ही ओळ एका छोट्या कपॅसिटरमधून थेट प्रोसेसरच्या रीसेट पिनला जोडलेली असते. प्रोग्राम टाकताना बोर्ड आपोआप रीसेट व्हावा, यासाठीची ही सोय. टेबलावर ती सोय, गाडीत ती कटकट, कारण लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर पोर्ट उघडतं तेव्हाही ही ओळ हलते आणि बोर्ड रीसेट होतो. तुमच्या गाडीचा झटका कनेक्शन तुटताना बसत नाही, पुन्हा जुळताना बसतो, असा माझा अंदाज आहे. ट्यूनरस्टुडिओ बिचारा परत जोडायला जातो, पोर्ट उघडतो आणि चालत्या इंजिनाचा ईसीयू रीसेट करतो.

पडताळणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, यूएसबी केबल जोडलेली, ट्यूनरस्टुडिओ बंद. मग ट्यूनरस्टुडिओ उघडून कनेक्ट करा. त्या क्षणी इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर अंदाज बरोबर. उपाय म्हणजे १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, प्लसचा पाय रीसेटला, मायनसचा ग्राउंडला. तो डीटीआरचा झटका गिळून टाकतो. फक्त नवीन फर्मवेअर टाकताना तो काढावा लागतो, नाहीतर अपलोड होत नाही, म्हणून सोल्डर न करता पिनमध्ये खोचा आणि गरम गोंदाचा थेंब द्या. कायमचं करायचं असेल तर मेगावर रीसेट-ईएन लिहिलेली दोन टिकल्यांमधली बारीक पट्टी ब्लेडने कापतात. मी कपॅसिटरच सुचवेन, कापलेलं परत जोडताना लोकांचे हात थरथरतात.

हे काम सगळ्यात आधी करा, बाकी काहीही नंतर. कपॅसिटर लागल्यावर सेकएल खरं बोलायला लागतो: शून्य दिसला तर तो गाडीनेच केलेला रीसेट, सॉफ्टवेअरने केलेला नव्हे. त्याआधीच्या लॉगवरून ‘ईसीयू रीसेट होतोय’ असा निष्कर्ष काढून लोक रेग्युलेटर बदलतात, बोर्ड बदलतात, आणि दोष जागच्या जागी राहतो.

त्यानंतर इन्व्हर्टर. पुढची फेरी लॅपटॉप पूर्णपणे बॅटरीवर ठेवून करा. दहाच मिनिटं टिकत असेल तर दहा मिनिटांत उरका, किंवा कुणाचा तरी बरा लॅपटॉप मागून आणा. सिगारेट लायटरला लागणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरचा आउटपुट स्वच्छ साइन वेव्ह नसतो, कडांना तीक्ष्ण असतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये नॉइज दाबायला बारीक कपॅसिटर असतात आणि त्यातून थोडा करंट लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतोच. धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना हात फिरवला की झिणझिण्या येतात, त्या याच्याच. आता हाच ग्राउंड यूएसबी केबलच्या जाळीतून तुमच्या ईसीयूच्या ग्राउंडला जाऊन भिडतो. इन्व्हर्टरचा मायनस लायटरच्या सॉकेटमधून बॉडीला, ईसीयूचा मायनस इंजिनला. झालं एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळातला एक तुकडा म्हणजे तुमची डेटा केबल. आयडलला सगळं शांत असतं. कॉइल, पंप, फॅन, अल्टरनेटर जोरात चालायला लागले की त्या तुकड्यातून नको तो करंट फिरतो.

नुसत्या बॅटरीवर दोष गेला तर निम्मी लढाई संपली. मग लॅपटॉपला १२ व्होल्टवरून थेट चालणारा चांगला कार चार्जर घ्या, किंवा बॅटरी बदला. त्याउपर यूएसबी आयसोलेटर मिळतो, एडीयूएम४१६० किंवा ३१६० या चिपवरचा छोटा डबा. लॅपटॉप आणि ईसीयू यांच्यात तांब्याची वाटच राहत नाही. तो यूएसबीच्या १२ मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतो, त्यामुळे पेनड्राइव्ह त्यावर रखडतो, पण आर्डुइनोला तेवढा वेग भरपूर आहे. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांनी तर तो ठेवावाच. तिथे लॅपटॉप भिंतीतल्या थ्री-पिनवर असतो, गाडी पट्ट्यांनी लोखंडी रोलरवर बांधलेली, आणि अर्थिंगच्या दोन वाटा तयारच असतात.

बॅटरीवरही तुटलं तर वळा इग्निशनकडे. तुमच्या वर्णनातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही की लोड घेतल्यावर तुटतं. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला ४००० पर्यंत रेज देऊन अर्धा मिनिट धरा. तुटलं नाही, आणि त्याच ४००० ला चढावर तुटलं, तर संशय ठिणगीवर. लोडखाली सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते जितकं चढून कोसळतं तितका नॉइज मोठा. ४००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १३३ वेळा हे घडतं.

प्लगचा नंबर वाचा. एनजीकेच्या प्लगमध्ये आर हे अक्षर असेल तर आत रेझिस्टर आहे: बीपीआर६ईएस रेझिस्टरवाला, बीपी६ईएस बिनरेझिस्टरचा. अक्षरावर भरवसा नसेल तर मल्टिमीटर वरच्या टोकाला आणि मधल्या इलेक्ट्रोडला लावा. रेझिस्टर प्लग ५ किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, दुसरा जवळपास शून्य. मग हाय टेन्शन वायरी मोजा. लाल-निळ्या, जाडजूड, ‘रेसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वायरींच्या पोटात सरळ तांबं असतं. मीटर शून्याच्या जवळ दाखवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्या चालून जातात, कारण तिथे ऐकायला कुणी नसतं. शेजारी कॉम्प्युटर बसवला की त्या वायरी म्हणजे अँटेनाच. कार्बन कोअर किंवा स्पायरल कोअर वायरी घाला.

नॉइज कुठून येतोय हे शोधायला महागडं काही लागत नाही. सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर एएमवर लावा, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि बोनेट उघडून इंजिनापासून हातभर अंतरावर फिरवा. कर्र कर्र आवाज आरपीएमबरोबर चढतो तो इग्निशनचा. ज्या वायरीजवळ, ज्या कॉइलजवळ तो एकदम मोठा होतो तिथे थांबा. एकसारखी बारीक शिट्टी आरपीएमनुसार चढत असेल तर अल्टरनेटर बघा. रात्री अंधारात बोनेट उघडून प्लगच्या बुटांवर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणारी ठिणगी निळी दिसते. हात, चेन, ओढणी काहीही जवळ नेऊ नका, फॅन आणि बेल्ट फिरत असतात.

स्पीडुइनोच्या लॉगमध्ये सिंक लॉसची, म्हणजे ईसीयूचा क्रँकच्या जागेचा हिशेब किती वेळा चुकला याची, मोजणीही असते. कनेक्शन तुटण्याच्या आसपास ती एकाने-दोनाने वाढत असेल तर नॉइज क्रँक सेन्सरच्या वायरीतही शिरतोय. अशा वेळी लॅपटॉपचं दुखणं बाजूला ठेवा आणि आधी सेन्सरची शिल्डेड वायर बघा. शिल्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला जोडायची, सेन्सरच्या बाजूला मोकळी सोडायची. दोन्हीकडे जोडली की तीच करंट वाहून न्यायला लागते.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘लॉगमध्ये मिसिंग दिसत नाही म्हणजे इग्निशन ठीक आहे’ असं बरेच जण म्हणतात. लॉग सेकंदाला पंधरा ओळींचा असेल तर ४००० आरपीएमला दोन ओळींच्या मध्ये इंजिनाच्या चार-साडेचार फेऱ्या होऊन जातात. त्यात एक ठिणगी चुकली तर साध्या लॉगला पत्ताही लागत नाही. त्यासाठी ट्रिगर व्हीलचा एकेक दात टिपणारे टूथ लॉगर आणि कंपोझिट लॉगर आहेत, ते वापरा.

मग अर्थ. मला विचाराल तर सगळ्या गाडीत सर्वात कमी बघितली जाणारी आणि सर्वात जास्त छळणारी गोष्ट हीच. मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्ट रेंजला लावा. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब ईसीयूच्या ग्राउंड पिनवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर फुल, रेडिएटर फॅन फिरू द्या. ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.१ पर्यंत चालवून घेऊ, ०.२ दिसला तर वायरिंग सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून तेच मोजा, मग बॉडीवर. कुठे उडी दिसते तिथे दोष. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी बाहेरून चांगली दिसते आणि लगच्या (टोकाच्या धातूच्या कड्याच्या) आत हिरवी पडलेली असते. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, नवीन पट्टी टाका, घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस.

ईसीयूचे ग्राउंड इंजिनवर एकाच बोल्टला आणा. इंजेक्टर-कॉइलचे जाड ग्राउंड आणि सेन्सरचे बारीक ग्राउंड एकाच लगमध्ये कोंबू नका. सेन्सरचे ग्राउंड ईसीयूतून परत येतात, ते बाहेर बॉडीला कुठेही टेकवायचे नाहीत.

यात कनेक्शनपेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि ट्यूनिंग करणाऱ्याने तिची धास्ती घ्यावी. ०.१ व्होल्टचा अर्थचा फरक लॅपटॉप कधी तोडतो, कधी नाही. पण तुमचा वाइडबँड (सायलेन्सरमधल्या धुरावरून मिक्श्चर मोजणारा सेन्सर) ० ते ५ व्होल्टवर १० ते २० एएफआर (पेट्रोलच्या तुलनेत हवेचं प्रमाण) पाठवत असेल तर एका व्होल्टला दोन एएफआर. वाइडबँडचा ग्राउंड आणि ईसीयूचा ग्राउंड यांच्यात ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे लॉगमध्ये ०.२ एएफआरची चूक, तीही लोड वाढेल तशी वाढणारी. १२.८ दिसतंय आणि खरं १३ आहे. अशा लॉगवर ऑटोट्यून (पेट्रोलचा मॅप आपोआप सुधारणारी सोय) चालवला की तो इमानदारीने चुकीचा मॅप तयार करतो. तेव्हा कनेक्शन तुटण्याआधी घेतलेल्या लॉगवर बेतलेले फ्युएल टेबलचे बदल अर्थ सुधारेपर्यंत बाजूला ठेवा. वाइडबँडच्या डब्यावरचा आकडा आणि ट्यूनरस्टुडिओतला आकडा आयडलला आणि लोडखाली, दोन्ही वेळा जुळतो का ते आधी बघा.

रिलेंचं एक उदाहरण सांगतो, कारण ते ओळखायला अवघड असतं. वर्कशॉपमध्ये आलेल्या एका सेडानचा लॅपटॉप आरपीएमशी काही संबंध न ठेवता सुटायचा. कधी सिग्नलला, कधी चढावर. लॉगमध्ये तुटलेल्या जागा एकाखाली एक लावून बघितल्या तेव्हा एकच कॉलम सारखा निघाला: कूलंट ९२ ते ९३ अंश. रेडिएटर फॅन तिथे चालू व्हायचा आणि थोड्या वेळाने बंद व्हायचा, आणि बंद होण्याच्या क्षणी रिलेच्या कॉइलमधून उलटा झटका यायचा. रिलेच्या कॉइलच्या ८५ आणि ८६ या पिनांवर १एन४००७ डायोड टाकला, पट्टीची बाजू प्लसला, प्रश्न संपला. पट्टी उलट लागली तर रिले चालू होताच डायोड तरी जातो नाहीतर ईसीयूतला ट्रान्झिस्टर, तेव्हा दोनदा बघून लावा. आत डायोड असलेले रिलेही तयार मिळतात. तुमच्याकडे दोष आरपीएमला चिकटलेला आहे म्हणून हे पहिल्या क्रमांकाचं नाही, पण पंप आणि फॅन दोन्ही रिले उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

केबलबद्दल थोडं. मेगाला प्रिंटरची चौकोनी टोकाची केबल लागते. ती दीड मीटरची, जाड, जाळी असलेली आणि टोकाला फेराइटचा गठ्ठा असलेली घ्या. यूएसबी २.० ची मर्यादा पाच मीटर असली तरी गाडीत तेवढी लांब टाकायचं कारण नाही, आणि एक्सटेन्शन जोडून तर नाहीच. हब नको, थेट लॅपटॉपचा पोर्ट. केबल कॉइलच्या वायरींच्या बाजूबाजूने नेऊ नका, ओलांडावी लागली तर काटकोनात. ईसीयूच्या डब्याजवळ केबलचा छोटा वळसा करून झिप टायने डब्यालाच बांधा, म्हणजे खड्ड्यातला हिसका सॉकेटला बसत नाही. खड्ड्यांतच सुटत असेल तर दोष तिथेच. इंजिन बंद ठेवून सॉकेट बोटाने हलवा, विंडोजचा सूर वाजला की समजायचं.

लॅपटॉपच्या बाजूने करायचं ते एका बैठकीत होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण काढा. झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ ठेवा, कारण शेजारी बसलेला माणूस ऊन डोळ्यांवर आलं की झाकण अर्धं मिटतोच. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, धक्क्यांनी डिस्क थांबली की लॉगमध्ये भोकं पडतात. एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामचा असतो. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर मागे उघडा राहिला असेल तर ट्यूनरस्टुडिओला पोर्ट मिळत नाही. फर्मवेअर आणि प्रोजेक्टची आयएनआय फाइल वेगवेगळ्या आवृत्तीच्या असतील तर सुरुवातीलाच तक्रार येते, ती चढावर येत नाही.

जीपीएस किंवा सतत डेटा ओतणारा वाइडबँड सिरियलवर जोडून लॅपटॉप सुरू केला आणि माउसचा बाण वेड्यासारखा पळायला लागला, तर व्हायरस समजू नका. विंडोजने त्या डेटाला जुन्या काळचा सिरियल माउस समजलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माइस खाली आलेला ‘सिरियल बॉलपॉइंट’ डिसेबल करा.

मेगास्क्वर्टवाले (स्पीडुइनोसारखाच दुसरा ईसीयू, एमएस१, एमएस२, एमएस३ या त्याच्या पिढ्या) हे वाचत असतील त्यांच्यासाठी. एमएस१ ९६०० बॉडवर बोलतो, एमएस२ आणि एमएस३ ११५२०० वर. चुकीचा वेग निवडला तर मुळातच काही जुळत नाही. यूएसबी-सिरियल केबल एफटीडीआय कंपनीच्या चिपची असेल तर पोर्ट सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड उघडून लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणा. ती चिप पॅकेट भरेपर्यंत किंवा टायमर संपेपर्यंत उरलेसुरले बाइट धरून ठेवते, आणि प्रत्येक ओळीमागे तेवढा वेळ फुकट जातो. नकली एफटीडीआय चिपची भानगड २०१४ मध्ये बरीच गाजली. विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य केला आणि रातोरात केबली दिसेनाशा झाल्या. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या पीएल२३०३ चिपच्या केबलीवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ ही एरर येते, कारण नव्या ड्रायव्हरने त्या जुन्या चिपांचा पाठिंबा काढला. तिथे जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा नवी केबल घ्या. एमएस३ वर एसडी कार्डाची सोय असेल तर लांबच्या लॉगला कार्डच वापरा, लॅपटॉप घरी राहू दे.

ब्लूटूथ हा मार्ग बरेच जण सुचवतील, आणि ग्राउंडच्या वर्तुळावर तो खरंच उपाय आहे, कारण वायरच नाही. एचसी-०५ हा ब्लूटूथ मॉड्यूल घ्या, तो मूळचा ९६०० बॉडवर येतो, एटी कमांडने ११५२०० करा. पेअर केल्यावर विंडोज दोन कॉम पोर्ट दाखवतं, आउटगोइंगवाला निवडा, इनकमिंगवर काहीही होत नाही. पण फर्मवेअर टाकायचं आणि टेबल बर्न करायचं काम केबलवरच करा, आणि नॉइज खरंच इग्निशनचा असेल तर ब्लूटूथ लावून तो जात नाही, फक्त तुम्हाला दिसेनासा होतो. क्रँक सेन्सर आणि वाइडबँड त्याच नॉइजमध्ये बसलेले असतात.

मूळ ईसीयूवर ओबीडीतून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून) लॉग घेणाऱ्यांचं गणित वेगळं. जुन्या गाड्यांची के-लाइन ही डेटाची वायर सेकंदाला १०.४ किलोबिटवर चालते, नव्या गाड्यांतल्या कॅनच्या ५०० किलोबिटपुढे ती गोगलगाय आहे. के-लाइनवर वीस पीआयडी (ईसीयूकडे मागायचे आकडे) निवडले तर एकेका आकड्याची पाळी येईस्तोवर गिअर बदलून होतो. आरपीएम, लोड, इग्निशन अॅडव्हान्स आणि ओटू एवढेच ठेवा. स्वस्त ब्लूटूथ ईएलएम३२७ या ओबीडी सॉकेटला लागणाऱ्या डब्यावर १.५ आवृत्ती लिहिलेली असली तर एवढं लक्षात घ्या की मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती. अशा डब्यांना काही कमांड कळत नाहीत, आणि लोक दोष गाडीला देतात.

तुमच्यासाठी क्रम असा: कपॅसिटर, मग बॅटरीवर एक फेरी, मग प्लग आणि वायरींचं मोजमाप, मग अर्थ. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक फेरीचा लॉग वेगळ्या नावाने ठेवा, त्याच चढावर, त्याच गिअरला. एवढं करूनही सुटलं तर मला पुढच्या गोष्टी कळवा: सूर वाजला का, सेकएल आधी किती आणि नंतर किती, सिंक लॉस वाढला का, बॅटरी व्होल्टेजचा कॉलम त्या क्षणी काय म्हणतो, प्लगचा नंबर, प्रत्येक हाय टेन्शन वायरीचे ओहम, आणि ईसीयूचा ग्राउंड कुठल्या बोल्टला आहे त्याचा फोटो. स्क्रीनचा फोटो नको, मूळ लॉग फाइलच द्या.